खांड

कोपरखैरण्यात, तळघरातल्या सेंटरमध्ये, रात्री पावणेदहाला
हर्षाली मढवी पैंजण काढून माझ्या तळहातावर ठेवते.
अजून काही धातू? पिन, चिमटा, दातात तार?
नाही म्हणते. मग आठवून कानातलं काढते आणि हसते.
वय एकोणीस. घणसोलीची. उजवा गुडघा.
फॉर्मवर 'कशाने लागलं'पुढे तिनेच लिहिलंय : बोनस घेताना.

गुडघा साच्यात बसवते, बाजूंनी फोम चेपते,
हातात रबरी फुगा देते. घाबरलीस तर दाब.
बावीस मिनिटं हलायचं नाही, असं
सात जणींच्या तावडीतून सुटणाऱ्या मुलीला सांगताना
माझीच जीभ अडखळते.

आधी ठक् ठक्, मग भिंतीत ड्रिल मारल्यासारखं.
काचेपलीकडे हेडफोन, मिटलेले डोळे.
दोन आवाजांच्या मधल्या शांततेत काहीतरी पुटपुटणं येतं.
देवाचं नाव असेल, म्हणून स्पीकर वाढवते :
कबड्डी कबड्डी कबड्डी
एका दमात, पुढच्या ठोक्यापर्यंत.

पडद्यावर गुडघा कापत जातो, तीन-तीन मिलिमीटरचे काप.
हाड काळं. त्यावर करड्या रंगाची पातळ साय, ती कूर्चा.
सतराव्या कापात साय तुटते.
भेगेत पाणी शिरलंय. पांढरंशुभ्र.

आमच्या करावे गावात याला खांड म्हणायचे.
खाडीचा बांध रात्रीत एका जागी फुटायचा, हातभर,
आणि सकाळी भातात खारं पाणी.
आता तिथे भात नाही, बांध नाही, सेक्टर आहे.
शब्द तेवढा माझ्याकडे उरलाय
आणि रिपोर्टमध्ये तो चालत नाही.
रिपोर्ट लिहिणं तसंही माझं काम नाही.

कूर्चेत रक्त नसतं, मज्जातंतू नसतात.
फाटली तरी तिला कळत नाही.
कळ येते ती खालच्या हाडाला,
म्हणजे शेजाऱ्याला.

"ताई, दिसलं का काही?"
बूट चढवताना ती माझ्याकडे बघत नाही.
उद्या सहानंतर डॉक्टर सांगतील गं.
हे वाक्य मी दिवसातून वीसदा म्हणते.
त्यात 'गं' कधी नसतो.

तिने तो ऐकला.
डाव्या पायात पैंजण घातलं, आकडा लावला.
उजव्या पायातलं रुमालात गुंडाळलं
आणि बाहेर बाकावर पेंगणाऱ्या बापाच्या
खिशात, त्याला जागं न करता, सोडलं.