दाब

छत्तीस वर्षं कोराडीच्या बॉयलरवर मी वाफ राखली.
पाचशे चाळीस अंश. काटा हलू द्यायचा नाही.
खरी वाफ दिसत नसते, बाहेरच्यांना हे पटत नाही.
गळती शोधायला आम्ही झाडू पुढं धरून चालायचो,
झाडूचे हीर सरकन तुटले की कळायचं, इथंच.

आज इडलीपात्राच्या बुडाशी तांब्याभर पाणी,
वर खोलगट ताटलीत मरळ,
आणि झिंगाबाई टाकळीच्या या दोन खोल्यांत
मी गॅससमोर उभा,
तिसऱ्या पाळीला उभा राहायचो तसा.

मरळ बुधवारी बाजारातली.
पंचफुलाबाईनं टपातून काढली तेव्हा
शेपटीनं माझा शर्ट भिजवला.
"कोणासाठी जी?"
"घरी छातीचं ऑपरेशन झालं."
"मंग हेच न्या. काटा एकच, मधातला.
पण तर्री नका करू."
मूठभर राखेनं तिनं बुळबुळ काढली.
जन्मभर आमचे कपडे राखेखाली वाळले,
राख एवढ्या कामाची असते
हे कॉलनीत कोणी बोललं नव्हतं.

अनुसया तांडापेठची. माहेरी मागाचा ठोका
आणि चुलीवर तर्री, बोटभर तेल वर.
तिच्या हातचं जेवून माझ्या पाळीतले लोक
घाम पुसत म्हणायचे,
बॉयलर इथं आहे लेका, तिथं काय घेऊन बसला.

आता डॉक्टरांनी तेल चमच्यानं दिलंय, औषधासारखं.
काळ्या मसाल्याची बरणी मी सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली,
टाके ओले असताना तिचा हात पोचू नये म्हणून.
तेव्हापासून ती माझ्याशी
कामापुरतं बोलते.

नातवाच्या नूडल्सची उरलेली सोयाची बाटली.
दोन चमचे, त्यात तेवढंच पाणी,
कारण मीठही मोजूनच.
आल्याच्या काड्या, लिंबू, चिमूटभर साखर,
एक हिरवी मिरची, तीही बिया काढून.
लसूण ठेचला तेव्हा बोटही थोडं ठेचलं.
झाकणाला फडकं बांधलं, थेंब माशावर पडू नये.

आठ मिनिटं. घड्याळ बघितलं नाही.
पाण्याचा आवाज बदलतो. आधी गुरगुर, मग खुदखुद,
मग अशी एक शांतता
जिला मी छत्तीस वर्षं भ्यालो.

"काहून जी, शिट्टीची वाट पाहता का?"
खाटेवरून अनुसया.
शिट्टी नसते याला.

झाकण काढलं. चष्मा पांढरा झाला.
काही दिसेना, नुसता वास,
आल्याचा, तळ्याचा, तळाशी थोडा ओल्या गवताचा.
बोटानं दाबलं तर मांस सुटून आलं.
सॉस वरून फिरवला, त्यावर लसूण,
आणि लसणावर कडकडीत तेलाचा तिचा एक चमचा.
चर्र.
तो आवाज ऐकून ती उठून बसली.

डाव्या हाताची मूठ मिटून ताटावर आली.
दुखतंय का विचारलं, नाही म्हणाली.
एक घास. दुसरा.
काटा ओढून ताटाच्या कडेला ठेवला.
बराच वेळ चावत राहिली,
मग मीच काही लपवून ठेवलं होतं
अशी बघत म्हणाली,
"मासा असा लागते व्हय?
एवढी वर्षं सांगतलं नाही कोणी."
मला तरी कुठं माहीत होतं.
ताटलीत उतरलेलं पाणी तिनं
तिरपं करून करून भातावर घेतलं,
शेवटी आल्याची काडीसुद्धा.

हात धुवायला मोरीत गेली. मी नळ सोडला.
डावी मूठ उघडली
आणि पाणी काळपट लाल वाहिलं.
लवंग, दगडफूल, भिवापुरी मिरची,
मोरीभर तांडापेठ.
तिला ठसका लागला, मला शिंक आली.
फळीकडं मी बघितलं नाही.

"स्टूल," ती म्हणाली पदराला हात पुसत,
"जिथं होता तिथंच ठेवला वापस."