वाघिणीचं रिकामं वजन

नाव सुपडू. सुपडू तोताराम भारंबे.
माझ्या आधीची दोन गेली, म्हणून आईनं मला
सुपात घालून दारोदार फिरवलं होतं.
हे लिहून घ्यायची गरज नाही, साहेब.

भुसावळ यार्डात एकोणतीस वर्षं, वजनकाट्यावर.
वाघीण येते, थांबते. तिच्या अंगावरच
पांढऱ्या रंगात तिचं रिकामं वजन लिहिलेलं असतं.
एकूण उणे रिकामं, बरोबर माल.
एवढंच माझं गणित. त्यात देश कुठे येतो?

त्या हिवाळ्यात बंदराकडे निघालेल्या अकरा वाघिणी.
कागदावर : दवाखान्याचे लोखंडी पलंग, नग सहाशे.
प्रेषक : तापीकाठ नेत्रसेवा न्यास.
गरीब देशांना भेट.
आमच्याकडे न्यासाचे रोगी सतरंजीवर निजत,
आणि पलंग निघाले समुद्रापार.

काटा म्हणाला, कागदापेक्षा नऊ टन जास्त.
मी वाघीण मागे घ्यायला लावली, पुन्हा पुढे.
इंजिनवाला ओरडला, ‘काय भो, पाळना हाये का हा?’
काटा तेच म्हणाला.

केळी जोखण्यात माझं आयुष्य गेलं.
रावेरची, निंभोऱ्याची, सावद्याची.
केळं वाटेत पिकतं, हलकं होतं.
लोखंड होत नाही.
एका खोक्याची पट्टी सुटली होती.
आत मेणकापड, मेणकापडात ग्रीस,
आणि ग्रीसला तोच वास,
माझ्या साडूच्या सदऱ्याला फॅक्टरी सुटल्यावर यायचा तो.
मी हात पँटला पुसला.
तो डाग द्वारकानं राखेनं घासला, सोड्यानं घासला.
पँट अजून आहे. हवी तर आणतो.

ब्रागांझा साहेबांनी माझ्या हातातलं पेन काढून
पेन्सिल दिली.
‘काटा जुना झालाय, भारंबे.’
मी लिहिलं : काटा जुना झालाय.
साहेब, तो महिन्यापूर्वीच तपासून शिक्का मारलेला होता.

देणगीचं विचारता.
ती आली तेव्हा फैजपूरच्या बँकेत
त्या देशाचं नाव कुणाला लिहिता येईना,
जळगावला ट्रंककॉल लावला म्हणतात.
वायकोळे चिटणिसांनी पेढे वाटले. मीही खाल्ला.
पैसा आला तसा पुढे गेला.
कुणाच्या जिपांना, कुणाच्या प्रचाराला,
ते बंद लिफाफ्यात आहे आणि लिफाफा तुमच्या टेबलावर.
माझ्यासमोर उघडू नका.

पण थोडा इथंच राहिला, हेही लिहा.
चौदाशे माणसांचे मोतीबिंदू काढले त्यांनी, फुकट.
त्यातली एक द्वारका, माझी बायको.
पट्टी सोडली त्याच्या दुसऱ्या दिवशी
ती ओट्यावर उडीद निवडत होती.
सात वर्षांनी खडा दिसला तिला.
हसली. ‘हा बघा,’ म्हणाली, ‘केवढा!’

त्या डोळ्याचं काय करू मी?
कुठल्या खात्यात धरता तुम्ही तो?

पुढं पेपरात फोटो आला.
जिथे ते पलंग उतरले, तिथला.
द्वारकानंच दाखवला, आता बारीक अक्षरही वाचते ती.
‘पोरगं सुपाएवढं आहे हो,’ म्हणाली.
मी पेपर पालथा घातला
आणि त्यावर कळण्याची भाकरी ठेवून जेवलो.

जात्यातले रडतात, सुपातले हसतात.
माझं तर नावच तसलं.

वकीलसाहेब म्हणतात, साक्षीदारानं आकड्यांपुरतं बोलावं.
बोलतो. नऊ टन, दोन क्विंटल.
पेन्सिल खोडली तरी कागदावर दाब राहतो,
खिडकीकडे तिरपा धरा, दिसेल.
माझं एकूण वजन तुम्ही सकाळपासून करताच आहात,
रिकामं किती ते कुणी रंगवून ठेवलेलं नाही अंगावर.

झालं असेल तर निघतो.
चार पंचेचाळीसची पॅसेंजर आहे.
सहाला तिच्या डोळ्यात थेंब घालायचा असतो,
आणि तिचा हात थरथरतो.