जबड्याने ऐकणं

वेंडोव्हरच्या खारट वाऱ्यात
पत्र्याच्या शेडमध्ये माझा व्हर्लिन.
बत्तीसच्या फोर्डचं गंजकं टप
आणि त्यात बसवायला भंगारातून आणलेलं व्ही-एट,
कुणाच्या तरी शेतात पंप ओढून थकलेलं.

सिलिंडर बोअर करून आणले एल्कोहून.
पिस्टनची प्रत्येक रिंग बोटावर फिरवून पाहिली.
व्हॉल्व्हच्या कागदाएवढ्या फटी
जुळवण्यात दोन हिवाळे गेले.
तेवढ्यात त्याचे कानही गेले.
ऐकायचं मशीन
प्लगच्या डब्यात पडून असतं, सेल काढून.

आज धरलं एकदाचं!
खोकलं, काळं ओकलं,
एक, पाच, चार, आठ, सहा, तीन,
आणि सातावर लंगडलं.
मला कळलं. मी बोलले नाही.

त्याने लांब स्क्रूड्रायव्हर घेतला,
टोक इंजिनावर, मूठ जबड्याच्या हाडाला,
डोळे मिटून एकेक सिलिंडर चाचपत गेला.
सातापाशी थांबला.
बंद केलं, प्लग बदलला,
पुन्हा चालू, डिस्ट्रिब्युटर केसभर मागे,
पुन्हा जबडा. अजून अर्धा केस.

मग ते असं एकसंध घुमू लागलं
की बाकावरचे नट थरथरत कडेला आले.
"आर्डिथ, चाललं का गं?"
तो ओरडला, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

जेवायला मी तीनदा हाक मारते,
चौथ्यांदा बंपरवर पाना आपटते,
तेव्हा कुठे मान वळते.

उद्या तोच स्क्रूड्रायव्हर घेणार आहे मी.
मूठ त्याच्या जबड्याला,
टोक माझ्या गळ्याला.
बरंच सांगायचं राहिलंय.