सातवा रकाना

यादीला चोवीस रकाने.
गुल्जेनं ते कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर
पट्टी धरून आखलेत.
अंकारा, इस्तंबूल, पुन्हा इस्तंबूल,
मग इझमीर, जिथं आमचं कुणीच नाही
म्हणून तिच्या आईनं त्या ओळीपुढे
हळूच एक ठिपका देऊन ठेवलाय.

तिचा क्रमांक एकोणसाठ हजार दोनशे चार.
महिनाभर हा आकडा आमच्याकडे
पाहुण्यासारखा जेवायला बसतो.

मेकाट्रॉनिक्स म्हणजे काय गं, मी विचारलं.
तिनं सांगितलं. मी मान हलवली.
तेवीस वर्षं खाणीत फोरमनचं बोलणं
यंत्रांच्या आवाजात ऐकू आलं नाही तरी
अशीच हलवत आलोय.

शेजारचा दुर्सुन चहाचा पेला घेऊन येतो, न बोलावता.
म्हणतो, हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला?
झोंगुलदाकला काय विद्यापीठ नाही?
वसतिगृहाचे पैसे वाचतील, पोरगी संध्याकाळी घरात.
दुर्सुनचा मुलगा आर्किटेक्ट.
जर्मनीत घरोघरी पिझ्झे पोचवतो.

सगळं ठीक होतं.
पण सातव्या रकान्यात, तिच्या त्या नेटक्या अक्षरात:
खाण अभियांत्रिकी. आपलं गाव.

मी आयुष्यात अकरा इंजिनियर पाहिले.
दहांची हेल्मेटं खाली उतरताना जेवढी पांढरी
तेवढीच वर जाताना.
अकरावे फेर्रुह साहेब.
ते आले की आधी आमच्या नाकाकडे बघायचे.
काजळी किती साचलीय, कुणाच्या साचलीय,
त्यावरून ओळखायचे कुठल्या बोगद्यात हवा अडलीय.
आम्ही हसायचो. नाकवाले साहेब म्हणायचो.
मार्चमधल्या एका पहाटे
पाच जणांबरोबर त्यांनाही वर आणलं.
हेल्मेट आमच्याइतकंच काळं.

हे मी घरात कधी बोललो नाही.

काल रात्री उठलो.
स्वयंपाकघरातला दिवा लावला नाही, फ्रिजचं दार उघडं ठेवलं.
त्या उजेडात सातवी ओळ खोडली.
जोर जास्त झाला असेल.
अक्षरं गेली, पण कागदावर डाग पसरला,
पुसला तर अजून पसरला.
पेन्सिलीचं शिसं आणि कोळसा सख्खे भाऊ,
नववीत असताना तीच मला समजावत होती,
आणि मी म्हणालो होतो,
मग बाई, पेन्सिल एवढी महाग का?

सकाळी ती हेझलनट फोडत बसली होती.
पान समोर. डाग समोर.
दुसरी मुलगी असती तर आरडाओरडा केला असता,
आणि मला ते बरं पडलं असतं.
ती कवचं एका बाजूला सारत राहिली.
मग मान वर न करता म्हणाली,
बाबा, आता तुमच्या नाकाकडे कोण बघतं?

कोणी नाही, मी म्हणालो.
आता यंत्र आहे. ते वाजतं.

नेहमी?

मी चहा ढवळत बसलो. साखर घातलीच नव्हती.

तिनं पेन्सिलीला टोक केलं,
त्या डागावरच काहीतरी लिहिलं,
छोटं होतं की लांबलचक, तेही दिसू दिलं नाही,
आणि पान पालथं केलं.
वर जुलै महिना आला: एक होडी, निळा समुद्र,
आईनं गोल केलेली दुधाची तारीख.

यादी आज रात्री बारा वाजता बंद होते.
त्यानंतर एक अक्षरही हलवता येत नाही म्हणे.
माझी आजपासून रात्रपाळी.
अकराला पिंजऱ्यात उभा असेन,
बाराला उणे चारशे पंचवीसवर.

काय लिहिलंय ते
वर आल्यावर कळेल.