जोत्याची उंची

पट्टणशेट्टी सर्व्हेअर टेप घेऊन आले.
घरभर चिखल, तरी चपला बाहेर काढल्या.
भिंतीवरची रेघ मोजली : तीन फूट दोन इंच.
मग उंबरा ते रस्ता,
आणि तिथं त्यांनी टेप उलटा धरला.
"जोतं रस्त्याच्या खाली कसं हो?"

सासऱ्यांनी बांधलं तेव्हा
तीन पायऱ्या चढून आत यायचं.
दर निवडणुकीला वडगावच्या आमच्या गल्लीत
जुन्यावर नवं काँक्रीट पडलं,
एकेक पायरी गिळत.
आम्ही हललो नाही कुठं.
आता रस्त्यावरून घरात उतरतो.

त्याला फॉर्मवर रकाना नाही.
बळ्ळारी नाल्यापासून अंतराचा आहे
(चारशे पावलं; वरच्या भातात प्लॉट पडल्यापासून
नालाच चालत येतो),
मागच्या क्लेमचा आहे,
आणि हा एक :
"राहतं घर लिहू, की कारखाना?"
कारखान्याचा हप्ता जास्त.
खड्डामागाच्या खड्ड्यात अजून पाणी होतं,
पाण्यात अर्धं लुगडं, जांभळं.
मी म्हटलं, राहतं.
रोहिणीनं कानडीत तसं लिहिलं
आणि माझ्याकडं बघितलं नाही.

मागाचे पैसे मग आले नाहीत.
हप्ता दीडपट आला : जोखीम वाढली.
समोर अनगोळकरांचं नवं घर, चार पायऱ्यांवर,
त्यांचा कमी.
त्यांच्या पायऱ्यांवरून ओघळतं
ते कुणाच्या नावावर?

परवा गल्लीच्या तोंडाशी
खडीचा ढीग येऊन पडलाय.