भिंतीची जाडी

चोडणची पहिली फेरी चुकली, म्हणून मोजणी उशिरा.
टेपचं एक टोक शाणूकडे, आकडे माझ्याकडे.
बाहेरून चौदा मीटर वीस.
आतून अकरा दहा.
मधले तीन मीटर दहा
जांभा, चुना, गूळ
आणि कुणाची तरी भीती.

मूळची ही गढी. तिला खिडकी ठाऊक नव्हती,
जंग्या होत्या: आत ऐसपैस, बाहेर चार बोटं,
डोळे बारीक करून नदी बघणाऱ्या.

मग दोना एर्मेलिंदा लग्न होऊन आली
आणि म्हणाली म्हणे, मला वारा हवा.
त्या एका वाक्याच्या खर्चाची वही
तिच्या खापरपणतीनं बिस्किटाच्या डब्यात जपलीय.
पूर्वेच्या सात जंग्या फोडून सात खिडक्या.
कमानी जहाजातून आलेल्या चित्राबरहुकूम
(चित्र ओलं झालेलं, म्हणून पाचवी जरा वेगळी).
तावदानांना शिंपले तीन हजार दोनशे,
फुटले ते निराळे.
खंदक बुजवून अबोली.
तोफ पायरीशी उभी पुरली, घोडा बांधायला.
दारूकोठार कोरडं, तिथे लोणची.
गवंडी पुतू, रोज दीड तांगा, रविवारी नागा.

अहवालात मी लिहीन: रेनेसाँ धाटणी,
समुद्रमार्गे, दीडशे वर्षं उशिरा.

पण हिशेब जुळत नाही.
पूर्वेची भिंत सव्वा मीटर. पश्चिमेची एक पंच्याऐंशी.
शाणू म्हणतो, टेप सैल होती.
पुन्हा धरली. तेवढीच.
वहीत शेवटच्या पानावर, वेगळ्या शाईत:
पश्चिमेस आतून पडभिंत, एक कपाट.
धन्यांच्या सांगण्यावरून. बाईंस कळवू नये.

लोणच्यांच्या खोलीत कपाट अजून आहे.
वरच्या फळीवरची बरणी सरकवली
तर हाताला गार लागलं.
मागे फळी नव्हतीच.
घरभर वारा खेळत असताना
धनी रात्री कितीदा इथे येऊन उभा राहिला असेल,
आंबाड्यांच्या वासात, अनवाणी,
ते वहीत नाही.

शाणू स्टुलावर चढला.
कुणी न सांगता त्यानं एक डोळा मिटला,
श्वास धरला.
काय दिसतं रे?
फेरीबोट, तो म्हणाला.
लागीं येता.