चौदावा रकाना

अठरा पानांचा अर्ज आहे.
साइमी तो फेब्रुवारीपासून भरते आहे
स्वयंपाकघरातल्या टेबलावर.
कोपराखाली चिलीचा नकाशा,
लांब, बारीक,
एका दमात सोललेल्या सालीसारखा.

शहर मे महिन्यात कळेल, घर जूनमध्ये.
विमान ऑगस्टात: इथला उन्हाळा सरता सरता
ती तिथल्या हिवाळ्याच्या शेपटावर उतरेल,
आणि केमीयार्वीची डिसेंबरातली ती लांबलचक रात्र
या वर्षी तिच्या वाट्याला येणारच नाही.
"मग तिच्या हिश्शाचा अंधार कुणी भोगायचा?"
तिची आई म्हणाली, आणि कपाट आवरायला लागली.

बोटीचं इंजिन मी विकलं.
रेइयोनं घेतलं, घासाघीस न करता.
कशासाठी विकतोय हे त्याला ठाऊक होतं,
सगळ्यांनाच ठाऊक असतं;
आमच्याकडे या काठाला कुणी खोकलं
तर त्या काठाला काढा उकळतो.
यंदा तळ्यात वल्ही मारायची.

दातांच्या डॉक्टरचा शिक्का झाला.
लशींचं कार्ड सापडलं, शिवणाच्या डब्यात.
व्हिसासाठी रात्रीच्या गाडीनं हेलसिंकी,
जाताना ती वरच्या बर्थवर क्रियापदं पाठ करत होती,
मी खाली जागा.

आता उरलं पालकांचं पान.
*आपल्या मुलीविषयी दहा ओळी लिहा.*
लिहिलं: दार कधी पूर्ण लावत नाही.
लिहिलं: चिडली की भांडी घासते, घासू द्यावीत.
लिहिलं: मासा साफ करता येतो तिला,
पण डोळ्यांकडे बघून नाही.
खोडलं. परत तेच लिहिलं.

आणि खाली चौदावा रकाना.
*ऐकण्यात, चालण्यात, बोलण्यात काही अडचण?*
*आहे. नाही.*

साइमी 'क'वर अडते. 'प'वर.
सगळ्यात जास्त 'स'वर,
म्हणजे स्वतःच्याच नावाच्या उंबऱ्याशी
किल्ली हरवल्यासारखी उभी राहते.
दुकानात लोक तिची वाक्यं पुरी करून देतात.
मायेनं करतात. त्याचाच तिला जाच.

"नाहीवर खूण कर," ती म्हणाली.
मी पेन धरून बसलो.
"बाबा, तिथं मी अडले तर ते म्हणतील,
परकी आहे, शिकते आहे.
आणि थ-थांबतील.
एक वर्ष मला
सगळे नवशिके अडतात तसं अडायचंय."

गावात मला अबोल म्हणतात.
तीस वर्षं म्हणतात, कौतुकानं.
लग्नात पाद्र्यानं विचारलं तेव्हा मी मान हलवली,
लोक हसले, बिचारा भारावलाय म्हणाले.
जे शब्द सरळ येतात तेवढे पाळले मी,
बाकीचे घराबाहेरच ठेवले.
अर्ध्या भाषेत संसार केला,
बर्फाची यंत्रं दुरुस्त केली,
फोन वाजला की हात तेलाचे आहेत म्हणालो.
तिच्या आईला माहीत आहे.
साइमीला सांगायचं राहिलं.
राहिलं कसलं,
सांगायला ज्या शब्दानं सुरुवात करावी लागते
तोच माझा अडका.

"म—" म्हणालो.
"म—"

फ्रिज घरघरत होता, तो थांबला.
बाहेर छपरावरून बर्फाचा एक थर घसरला.
साइमीनं माझ्या तोंडाकडे पाहिलं,
मग समजून, टेबलाकडे.
वाक्य पुरं केलं नाही तिनं.
नुसती बसून राहिली, नकाशावर हात ठेवून,
जणू तिला वर्षभर कुठेच जायचं नाहीये.
फ्रिज परत सुरू झाला.

"—मलाही."

खूण मग तिनंच केली.
कुठे, ते मी पाहिलं नाही.
वल्ही बाहेर काढायला हवीत, म्हणालो,
त्यांना एकदा तेल द्यायला हवं.
हे सरळ आलं.